लिनक्सचा डेस्कटॉप बंद केला आणि स्क्रीन काळी पडली? प्लग काढायच्या आधी हे बघा

जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकून दुकानाचा बिलिंग सर्व्हर कसा करायचा, हे आपण व्हिडिओत पाहिलं. बरेच जण त्यावर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट चालवतात. सॉफ्टवेअर फुकट, मशीन जुनंच, खर्च जवळपास नाही. मग कोणीतरी सांगतं की सर्व्हरला डेस्कटॉप कशाला हवा, तो उगाच रॅम खातो. सल्ला बरोबरच आहे. 4 जीबीच्या मशीनवर डेस्कटॉप बंद केला की फरक जाणवतो. म्हणून तुम्ही 'सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट मल्टी-युजर डॉट टार्गेट' ही कमांड देता. (इथे कमांड बोलतो तशा लिहिल्या आहेत, नेमकं स्पेलिंग व्हिडिओत मोठ्या अक्षरांत दाखवलंय.) डेस्कटॉप जातो, पण त्याच्या जागी लॉगिनची ओळ यायला हवी ती येत नाही. नुसता काळा पडदा.

इथे नव्वद टक्के लोकांचा हात थेट पॉवर बटणाकडे जातो. तो आवरा. काळी स्क्रीन म्हणजे बंद मशीन नव्हे.

आधी गल्ल्यावरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर जा आणि ब्राउझरमध्ये नेहमीसारखं बिल बनवून बघा. बिल बनलं? मग सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त त्याचं चित्र दिसत नाहीये. गिऱ्हाईक उभं असेल तर धंदा करा, स्क्रीनचं रात्री शटर ओढल्यावर बघू. बिल बनत नसेल तर सर्व्हरच्या कीबोर्डवर नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे मशीन जिवंत आहे.

चालू डेटाबेसचा प्लग ओढला तर काय होतं? ईआरपीनेक्स्टखाली साधारणपणे मारियाडीबी असतं आणि ते बहुतेक वेळा उठल्यावर स्वतःला सावरून घेतं. पण जुनी हार्डडिस्क आणि शनिवार संध्याकाळची गर्दी एकत्र असताना 'बहुतेक वेळा' या शब्दांवर वर्षभराची उधारीची वही सोडायची का, ते तुम्ही ठरवा. मी नाही सोडणार.

आता हे होतं का, ते समजून घ्या, म्हणजे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. लिनक्समध्ये एकाच मॉनिटरवर अनेक 'व्हर्च्युअल टर्मिनल' असतात. एकावर डेस्कटॉप, बाकीच्यांवर साधी अक्षरं. एका वेळी एकच पुढे असतं. डेस्कटॉप जाताना ग्राफिक्स कार्ड पुन्हा अक्षरांच्या स्थितीत आणून ठेवावं लागतं, म्हणजे पाळी संपवून जाणाऱ्या माणसाने पुढच्याच्या हातात चावी द्यावी तसं. पूर्वी ही जबाबदारी ग्राफिकल सिस्टिमच्या ड्रायव्हरवर होती आणि ते चावी बऱ्याचदा खिशातच घेऊन जायचे. 2009च्या सुमारास हे काम लिनक्सच्या कर्नेलने हळूहळू स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. म्हणून इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सवर आज ही तक्रार कमी दिसते. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र वर्षानुवर्षं वेगळ्या वाटेने चालला, आणि तो टाकलेला असेल तर पहिला संशय त्याच्यावरच घ्या.

पण सगळ्यात सोपी शक्यता आधी. कित्येकदा काहीच बिघडलेलं नसतं, तुम्ही फक्त रिकाम्या टर्मिनलवर उभे असता, कारण डेस्कटॉप जिथे होता तिथे आता कोणीच नाही. कंट्रोल आणि ऑल्ट धरून एफ3 दाबा. लॉगिनची ओळ आली तर विषय संपला. नाही आली तर एफ2, एफ4 करून बघा.

तरीही काळंच? मशीनच्या मागे बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटर लावायच्या दोन जागा असतात, एक मदरबोर्डवर, एक कार्डवर. अक्षरं दुसऱ्याच जागेतून बाहेर पडत असू शकतात. केबल बदलून बघायला मिनिट लागतं. मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज' असं येत असेल तर चित्र येतंय, पण त्या मॉनिटरला ते झेपत नाहीये. दुसरा मॉनिटर लावून बघा.

एसएसएच आधीच चालू केलेलं असेल तर तुम्ही सुखी. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, अगदी मोबाईलवर टर्मक्स टाकूनही, सर्व्हरमध्ये शिरता येतं. तिथून 'सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल डॉट टार्गेट' दिलं की डेस्कटॉप परत येतो, आणि बहुतेकदा चित्रही. एसएसएच उबुंटू डेस्कटॉपमध्ये आपोआप येत नाही, 'ओपनएसएसएच-सर्व्हर' हे पॅकेज टाकावं लागतं. सगळं सुरळीत असताना, म्हणजे आजच, टाकून ठेवा.

एसएसएच नाही, स्क्रीनही नाही, तर मशीन रीतसर रीस्टार्ट करा. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 करून मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा. अक्षरांच्या टर्मिनलवर यामुळे सिस्टिम सगळे प्रोग्रॅम नीट बंद करून पुन्हा सुरू होते. यालाही दाद देत नसेल तर शेवटचा उपाय: ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवायचं आणि दोन-दोन सेकंदांनी एस, यू, बी. एस डेटा डिस्कवर उतरवतो, यू डिस्कवर पुढचं लिहिणं थांबवतो, बी रीस्टार्ट करतो. उबुंटूत हे तिन्ही मुळातच चालू असतात. प्लग ओढण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पण रीतसर रीस्टार्टची जागा हे घेत नाही.

कायमचा इलाज काय? इंटरनेटवर 'नोमोडसेट' लिहा असं भरपूर ठिकाणी सापडेल. सुरू होताना ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हा शब्द एकदाच जोडून बघायला हरकत नाही. अक्षरं दिसली तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे आहे हे कळतं. पण तो तिथे कायम ठेवू नका. त्याने कर्नेलचं ग्राफिक्सचं कामच बंद होतं आणि पुढे डेस्कटॉप लावला तर तो रडतखडत चालतो. एनव्हिडियाच्या 545 आणि त्यापुढच्या ड्रायव्हरमध्ये 'एफबीडेव्ह' नावाचा पर्याय आहे, तो नेमका याच अक्षरांच्या स्क्रीनसाठी आहे.

पण बिलिंगच्या सर्व्हरला एनव्हिडियाचं कार्ड हवंच कशाला? प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवा, वीजही वाचेल. फक्त आधी प्रोसेसरचा नंबर बघा. इंटेलच्या नंबराच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं.

आणि डेस्कटॉप दर वेळी चालू करून मग बंद करू नका. 'सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युजर डॉट टार्गेट' एकदा द्या. पुढच्या वेळेपासून मशीन थेट अक्षरांच्या लॉगिनवर सुरू होईल. डेस्कटॉप आलाच नाही, तर चावी परत द्यायची वेळही येत नाही. कधी डेस्कटॉप हवाच असेल तर तीच कमांड 'ग्राफिकल' लिहून द्यायची आणि रीस्टार्ट करायचं. हा बदल दुकान बंद असताना, बॅकअप घेऊन करा, आणि सकाळी शटर उघडायच्या आधी गल्ल्यावरून एक बिल काढून बघा.