लवचीक धमन्या

मनगटाच्या आतल्या बाजूस, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटे हलकेच टेकवली म्हणजे त्यांच्याखाली काहीतरी ठरावीक तालाने उडत असल्याचे जाणवते. हीच नाडी होय. नाडीचा प्रत्येक ठोका म्हणजे हृदयाने रक्ताला दिलेल्या एका धक्क्याची वर्दी असते. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणपणे ७० वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि दर खेपेस सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर लोटते.

येथे एक कोडे उभे राहते. हृदय रक्त लोटते ते थांबून थांबून. एक धक्का, मग क्षणाचा विसावा, पुन्हा धक्का. असे असूनही केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांतून रक्त एकसारखे, संथपणे वाहत असते. मग हृदय विसावा घेत असता रक्ताला पुढे कोण ढकलते?

या कोड्याची उकल स्टीफन हेल्स या इंग्रज संशोधकाने केली. हा गृहस्थ लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी धर्मोपदेशक होता. त्याने एका घोडीच्या धमनीला काचेची लांब नळी जोडली, तेव्हा रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच उंच चढले आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी किंचित वरखाली होऊ लागले. रक्ताचा दाब मोजण्याचा हा पहिलाच प्रयत्न होय. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेल्सने धमन्यांची तुलना त्या काळच्या आगीच्या बंबाशी केली. बंबाचा दट्ट्या माणसे हातांनी वरखाली करीत. तरी पाण्याची धार मध्येच तुटत नसे. याचे कारण असे, की बंबात हवेने भरलेली एक बंद कोठी असे. दट्ट्याच्या दाबाने पाणी कोठीत शिरले, की आतील हवा दाबली जाई. दट्ट्याचा जोर थांबला, की तीच हवा प्रसरण पावून पाण्याला पुढे लोटीत असे.

शरीरात हे काम मोठ्या धमन्या करतात. धमनी म्हणजे काही लोखंडी नळ नव्हे. तिच्या भिंतीत तीन थर असतात. मधल्या थरात इलॅस्टिन नावाचे लवचीक तंतू, कोलॅजन नावाचे चिवट तंतू आणि स्नायूंच्या पेशी एकमेकांत गुंफलेल्या असतात. हृदयातून रक्ताचा लोट आला, की महाधमनी फुगते व त्या लोटाचा काही भाग आपल्यात सामावून घेते. हृदय विसावले, की ती आक्रसते व ते रक्त पुढे सोडते. अशा रीतीने धक्क्याचा जोर मऊ होतो आणि प्रवाह अखंड राहतो. लवचीक धमनी ही हृदयाची जणू सहकारीच होय.

परंतु ही लवचिकता कायम टिकत नाही. इलॅस्टिनचे तंतू मुख्यतः जन्मापूर्वी आणि बालपणी तयार होतात; मोठेपणी त्यांची नवी भर जवळजवळ पडत नाही. बालपणी लाभलेली ही ठेव आयुष्यभर पुरवावी लागते. लक्षावधी वेळा ताणल्याने हे तंतू हळूहळू झिजतात, तुटतात. त्यांची जागा ताठर कोलॅजन घेऊ लागते. नव्या रबरी पट्टीला ओढले, तर ती सहज ताणली जाते. पुष्कळ वर्षांची जुनी पट्टी मात्र कडक होते. धमन्यांचेही काहीसे असेच होते.

ताठर धमनी फुगू शकत नाही. त्यामुळे हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी रक्ताचा दाब अधिक चढतो आणि विसाव्याच्या वेळी तो अधिक उतरतो. हृदयाला प्रत्येक ठोक्यास जास्त श्रम पडतात; त्याच्या भिंती कालांतराने जाड होतात. शिवाय मऊ न झालेले धक्के मेंदू आणि मूत्रपिंडे यांतील नाजूक वाहिन्यांपर्यंत जाऊन पोहोचतात व त्यांना इजा करतात.

धमन्या किती ताठर झाल्या आहेत, हे त्या न कापताही मोजता येते. महाधमनीतून रक्त वाहते त्याचा सरासरी वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. परंतु ठोक्याची लाट धमनीच्या भिंतीतून त्याहून पुष्कळ वेगाने धावते. भिंत जितकी ताठर, तितकी लाट अधिक वेगवान. म्हणून मान आणि जांघ या दोन ठिकाणी लाट केव्हा पोहोचते, हे पाहून तिचा वेग काढतात. निरोगी तरुण माणसात तो सेकंदाला सुमारे ५ ते ६ मीटर असतो; ताठर झालेल्या धमन्यांत तो १० मीटरांच्याही पुढे जातो.

वय कोणालाच थांबविता येत नाही. पण धमन्यांचे ताठर होणे मंद करता येते काय? या प्रश्नाकडे नेणारी एक वाट लंडनच्या बसगाड्यांतून जाते. तेथील दुमजली बसगाड्यांवर चालक आणि वाहक अशी दोन माणसे एकत्र काम करीत. दोघांचा पगार, वस्ती, राहणी यांत फारसा फरक नसे. फरक होता तो कामात. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी जिना सारखा चढत-उतरत असे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसून आले, की हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा वाहकांमध्ये कमी होते, आणि तो झालाच तर वाहकांमध्ये प्राणघातक होण्याचे प्रमाणही कमी होते.

यावर एक शंका निघाली. कदाचित मुळातच स्थूल माणसे चालकाचे काम पत्करीत असतील! तेव्हा मॉरिस यांनी गणवेशांच्या नोंदी तपासल्या. १९५६ साली त्यांनी दाखवून दिले, की चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा होता. शंकेत तथ्य होते. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. सडपातळ चालकाशी सडपातळ वाहकाची आणि स्थूल चालकाशी स्थूल वाहकाची तुलना केली, तरीही हृदयविकाराने अकस्मात मृत्यू येण्याचा धोका वाहकालाच कमी असल्याचे आढळले. वजन महत्त्वाचे खरे. पण हालचालीचा लाभ वजनाहून वेगळा असतो, हे त्यातून सूचित झाले.

या पाहणीत धमन्यांचा ताठरपणा मोजलेला नव्हता. ते काम पुढे इतरांनी केले. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. बैठे जीवन जगणाऱ्या, पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांना त्यांनी ३ महिने नियमाने व्यायाम करावयास लावला. तो मुख्यतः चालण्याचा होता. अखेरीस त्यांच्या मानेतील धमन्या पूर्वीपेक्षा अधिक लवचीक झाल्या. विशेष असे, की त्यांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता.

असे का व्हावे? चालताना, धावताना किंवा पोहताना रक्त वेगाने वाहते आणि धमनीच्या आतील अस्तरावर घासून जाते. त्या स्पर्शाने अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. हा वायू भिंतीतील स्नायूंना सैल करतो व धमनी मोकळी होते. या वायूचे शरीरातील कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुटलेले तंतू व्यायामाने पुन्हा जोडले जात नाहीत. पण उरलेल्या तंतूंवरील ताण हलका होतो.

मग वजनाकडे दुर्लक्ष करावे काय? मुळीच नाही. पोटातील इंद्रियांभोवती साठलेल्या जादा चरबीतून निरनिराळी द्रव्ये रक्तात मिसळतात. त्यांनी धमन्यांच्या अस्तराचे काम बिघडते आणि रक्तदाबही वाढू लागतो. पॅरिस येथील डॉक्टरांनी २००१ साली असे दाखविले, की अतिशय स्थूल मुलांच्या मानेतील धमन्या इतर मुलांच्या मानाने लहानपणीच ताठर झालेल्या असतात. मात्र ही स्थिती न पालटणारी नाही. जादा वजन हळूहळू कमी केले, की ताठरपणाही काही अंशी कमी होतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की तराजूचा काटा सारे काही सांगत नाही. सडपातळ मुलगा दिवसभर बसूनच राहिला, तर केवळ बारीक असल्याने तो सुरक्षित ठरत नाही. उलट, स्थूल मुलगी रोज खेळू लागली, तर वजन उतरण्यापूर्वीच तिच्या धमन्यांना लाभ होऊ लागतो. म्हणूनच एखाद्या स्थूल सवंगड्याची थट्टा करून त्याला खेळातून वगळणे हे केवळ असभ्य वर्तन नव्हे. त्यामुळे ज्याला खेळाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचाच खेळ हिरावला जातो. दुसरी गोष्ट अशी, की वाढत्या वयात उपाशी राहून बारीक होण्याचा प्रयत्न करणे घातक आहे. पुरेसे सकस अन्न आणि भरपूर हालचाल हाच खरा मार्ग होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. खो-खो, कबड्डी, लंगडी, दोरीवरच्या उड्या, सायकल चालविणे, शाळेत झपाझप चालत जाणे, यांपैकी काहीही चालते. खेळणाऱ्याच्या मनात त्या वेळी धमन्यांचा विचारही नसतो. पण त्याच्या प्रत्येक धावेबरोबर, प्रत्येक उडीबरोबर, त्या आपल्या पुढील साठ-सत्तर वर्षांच्या कामाची तयारी करीत असतात.