अक्षर तेच, वाचन वेगळे

१९२८ साली गिरण्यांच्या मुंबईत ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधक गरोदर स्त्रियांच्या एका जीवघेण्या पंडुरोगाचे कारण शोधायला आली. तो रोग यीस्टच्या स्वस्त अर्काने हटतो, असे तिला आढळले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलेट, अर्थात ब-९ जीवनसत्त्व. ब जीवनसत्त्वे रक्ताला लागतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. ती जनुकांच्या कामातही हात घालतात, हे मात्र फारसे पोचलेले नाही. मी वैद्यकाचा पदवीधर नाही. शोधनिबंध मिळवून वाचत गेलो, त्यातून उमगले ते मांडतो.

यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनएचा मजकूर एकच असतो. फरक पडतो तो कोणती जनुके बोलती आणि कोणती गप्प, यावरून. जनुक गप्प ठेवण्याची एक रीत म्हणजे डीएनएवर मिथाइलची खूण चढवणे. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढीच ती खूण. अक्षरावर टिंब पडावे तसे हे आहे: अक्षर तेच राहते, वाचन बदलते.

खुणेसाठी कार्बन येतो कुठून? अन्नातला कार्बन फॉलेट वाहून नेते. त्याला योग्य रूप देणाऱ्या विकरांना ब-६ आणि ब-२ लागतात. पुढे फॉलेटवरचा मिथाइल उतरवून होमोसिस्टीनला देणारे विकर ब-१२ शिवाय चालत नाही. होमोसिस्टीनचे मेथिओनीन होते, त्यापासून एसएएम हा रेणू बनतो आणि तो डीएनएला खूण पुरवतो. ब-१२ कमी पडले की फॉलेट भरल्या गाडीसारखे अडकते. माल आहे, उतरवायला हमाल नाही. ब-३ची वाट निराळी: डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरच्या खुणा पुसणाऱ्या काही विकरांना ते लागते.

हे सारे आपल्या दाराशी आले ते पुण्याजवळच्या सहा गावांत. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून तिथल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक मातांत ब-१२ कमी होते. २००८ साली निष्कर्ष आले: ज्यांच्या मातांत फॉलेट भरपूर पण ब-१२ कमी, त्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. ही मधुमेहाची पूर्वखूण. यात जनुकांचा हात किती, हे या आकड्यांवरून ठरत नाही. पण २०१८ साली हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांनी दाखवले की ब-१२ पूरक दिल्यावर माणसांच्या रक्तपेशींत मधुमेहाशी निगडित काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा बदलतात. दुवा दिसू लागला आहे. साखळी अजून पुरती जुळलेली नाही.

म्हणून फॉलिकची गोळी टाकून द्यायची असे नाही. गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मदोष टाळण्यात तिचा वाटा सिद्ध आहे. प्रश्न जोडीदाराचा आहे. वनस्पतींत ब-१२ जवळपास नसतेच. शाकाहारी घरात ते येते दूध, दही, ताकातून, आणि आपल्याकडे घरातल्या सुनेच्या वाट्याला तेच शेवटी येते. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात लोह-फॉलिकची गोळी मिळते. तीत ब-१२ नसते. ब-१२ची तपासणी आणि गरजेप्रमाणे पूरक मात्रा, तीही शक्यतो दिवस राहण्याआधीच, हे डॉक्टरांना विचारायला हवे. गर्भाच्या अनेक खुणा पहिल्या काही दिवसांतच नव्याने लिहिल्या जातात. त्या वेळी आईलाही चाहूल लागलेली नसते.