फ्लॅट विकायला काढण्याआधी

रीसेलचा फ्लॅट पाहायला आलेला माणूस आत पाऊल टाकल्यावर फर्निचरकडे नंतर बघतो. आधी त्याची नजर जाते छताच्या कोपऱ्यांकडे, खिडकीखालच्या भिंतीकडे आणि बेडरूमची जी बाजू बाथरूमला लागून असते तिच्याकडे. तिथे पिवळट डाग किंवा सुटलेले पोपडे दिसले की त्याच्या मनातली किंमत तिथल्या तिथे खाली येते. मुंबई, ठाणे, कोकण आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात तर ओल हा घराचा सर्वांत मोठा दोष मानला जातो. त्यामुळे घर विक्रीसाठी तयार करण्याची सुरुवात ओलीपासूनच करावी लागते.

ओल कुठून येते हे आधी शोधायचे असते, कारण दुरुस्ती कोणी करायची हे त्यावर ठरते. गच्चीचा स्लॅब, बाहेरच्या भिंतीतल्या भेगा, सामाईक पाइप यांमधून येणारी गळती सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकखालून पाणी झिरपत असेल, तर तो खर्च त्या फ्लॅटधारकाचा. दोन्ही बाबतींत लेखी पत्र, पाहणी, कारागीर मिळणे यांत सहज काही महिने जातात. म्हणून जाहिरात देण्याच्या पुष्कळ आधी हे काम हाती घ्यावे.

पुट्टी आणि रंग मारून डाग झाकण्याचा मोह टाळलेला बरा. मूळ गळती थांबली नसेल तर भिंतीतला लोणा रंग फोडून पुन्हा बाहेर येतो, आणि तो नेमका व्यवहार अर्धवट असताना येतो. शिवाय हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. खरेदीदाराला साध्या पाहणीत कळणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो सांगणे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार त्याचे कर्तव्यच आहे. दुरुस्ती झाली असेल तर तिचे बिल आणि वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र जपून ठेवावे. पावसाळा कोरडा काढलेली भिंत आणि सोबत हा कागद, एवढ्यावर सावध खरेदीदारही निवांत होतो.

कामाचा काळही ठरवून घेता येतो. वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यात, भिंती पूर्ण वाळलेल्या असताना करावे. पितृपक्षात घराची बोलणी बहुतेक लोक टाळतात. तो पंधरवडा रंगकाम आणि आवराआवरीला वापरला तर नवरात्र-दसऱ्याला, म्हणजे लोक आवर्जून घरे पाहायला निघतात तेव्हा, घर दाखवण्याजोगे होते.

खर्चाच्या बाबतीत एक हिशोब सहसा खरा ठरतो: मोडके दुरुस्त करण्याचा पैसा वसूल होतो, नवी सजावट करण्याचा क्वचितच. विकण्यासाठी म्हणून मॉड्युलर किचन बसवणे किंवा फॉल्स सीलिंग करणे बहुधा वाया जाते, कारण नवा मालक ते आपल्या आवडीने बदलतो. उलट गळका नळ, पावसात फुगून घासणारा दरवाजा, तुटलेली मच्छरजाळी, न चालणारे बटण या किरकोळ गोष्टी ‘या घराची निगा राखलेली नाही’ असे सांगत राहतात. दोन-तीन दिवसांत प्लंबर, सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांच्याकडून त्या उरकता येतात. बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या पडलेल्या सांध्यांत नवे ग्राउट भरावे, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढावेत. भिंतींना फिकट रंग द्यावा. गडद रंगाने आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोल्या आणखी लहान दिसतात.

सर्वांत मोठा फरक मात्र सामान हलवल्याने पडतो, आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. माळ्यावरची खोकी, बाल्कनीतली जुनी सायकल, दारामागचे कपड्यांचे ढीग आणि पॅसेज अडवणारे लोखंडी कपाट निघाले की जागा मोकळी वाटू लागते. पण घर पूर्ण रिकामेही करू नये. अगदी रिकाम्या खोलीत पलंग मावेल का, टेबल कुठे बसेल याचा अंदाज येत नाही आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा डोळ्यांत भरतो. बरेच महिने बंद असलेला फ्लॅट दाखवण्यापूर्वी काही दिवस खिडक्या उघडून, नळ सोडून, साफ करून घ्यावा. कोंदट वास हा ओलीइतकाच नुकसान करतो. घरात भाडेकरू असतील तर त्यांच्या सोयीची वेळ आधी विचारावी आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार कधी संपतो हे खरेदीदाराला स्पष्ट सांगावे.

घर दाखवण्याची वेळ उजेड पाहून ठरवावी: पूर्वेकडच्या खिडक्या असतील तर सकाळी, पश्चिमेकडच्या असतील तर दुपारनंतर. फोटोही त्याच वेळी, पडदे सरकवून काढावेत. जाहिरातीत क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावे. रेरा कायदा, २०१६ मधल्या कार्पेटच्या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात; बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. सुपर बिल्टअपचा मोठा आकडा वाचून आलेला ग्राहक घर पाहून हिरमुसतो. पार्किंगबद्दलही जपून लिहावे. बिल्डरला स्टिल्टमधली जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘मालकीचे पार्किंग’ असे लिहिण्यापूर्वी सोसायटीची नोंद पाहावी. बाल्कनी आत घेतली असेल किंवा भिंत पाडली असेल, तर बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशाशी ताडून पाहणारच. तो बदल आधी आपणच सांगावा.

कागदांची तयारी घराइतकीच महत्त्वाची आहे, आणि विक्रेते नेमकी तीच शेवटी ठेवतात. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सर्व नोंदणीकृत करार सलग हवेत. त्यासोबत इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचे पत्र लागते. गृहकर्ज फिटलेले नसेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्यावी. वारसाहक्काने आलेल्या घरांत घोळ होतो तो नॉमिनीवरून. सोसायटीच्या दप्तरी नाव लागले म्हणून नॉमिनी मालक होत नाही. इतर वारसांनी हक्कसोडपत्र नोंदवून द्यावे लागते किंवा त्यांनी विक्रीच्या करारावर सह्या कराव्या लागतात. हे काम ग्राहक मिळाल्यावर काढले तर तो सहसा थांबत नाही.

किंमत ठरवताना ऑनलाइन जाहिरातींतल्या मागणीच्या आकड्यांवर विसंबू नये. राज्याच्या नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेत त्याच इमारतीतल्या झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू पाहता येतात. प्रत्यक्षात नोंदलेली रक्कम तिथे दिसते. मजला, दिशा आणि इमारतीची अवस्था यांचा फरक त्यात मिळवला की वाजवी आकडा हाती येतो.

सौदा ठरला की टोकन, साठेखत, खरेदीखत आणि ताबा असा क्रम लागतो. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्यात बंदी आहे. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापून भरतो. त्याचा दाखला विक्रेत्याने मागून घ्यावा. विक्रेता परदेशात स्थायिक असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि कडक असतात, म्हणून साठेखतापूर्वीच चार्टर्ड अकाउंटंटला भेटावे. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाही. ते कोण भरणार हे साठेखतातच लिहावे. ताब्याच्या दिवशी वीज मीटरचे रीडिंग आणि किल्ल्यांची संख्या ताबा पावतीवर नोंदवून दोघांनी सह्या कराव्यात, आणि घरात राहणारे पंखे, गीझर, कपाटे यांची यादी तिला जोडावी.