घडीत साचणारी सावली

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या रोहिणखेडच्या परिसरात मध्ययुगात दोन मोठ्या लढाया झाल्या. 1437 मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नसीर खानाला येथे हरवले, तर 1590-91 मध्ये अहमदनगरच्या गादीवर हक्क सांगणारा बुऱ्हाण निजामशहा आणि त्याचा पाठीराखा, खानदेशचा राजा अली खान, यांच्याशी झालेल्या लढाईत अहमदनगरची सत्ता हाती असलेला सरदार जमाल खान मारला गेला. अशा लढाया लहान आकृत्या मांडून, ठरलेल्या नियमांनी टेबलावर खेळण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी रुजला असून, विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याचे नियम मांडले होते. या खेळातील सैनिक बहुधा 28 मिलिमीटर उंचीचा, म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरील बहुतेक मावळ्यांपेक्षा लहान असतो. रोहिणखेडच्या रणातील दख्खनी शिपाई या आकारात रंगवायचा, तर त्याच्या जाम्याच्या चुण्या आणि कड्यांचे चिलखत डोळ्यांना दिसावे कसे, हा प्रश्न चित्रकलेइतकाच भौतिकशास्त्राचाही ठरतो.

अशी आकृती खऱ्या माणसाच्या सुमारे एक साठांश असते, त्यामुळे ती 60 सेंटिमीटरवरून पाहणे हे खरा माणूस 36 मीटरवरून पाहण्यासारखेच असते. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखू शकतो आणि 60 सेंटिमीटरवर हा कोन जेमतेम 0.17 मिलिमीटर भरतो. कापडावरची एक सेंटिमीटरची चुणी एक साठांश केली की तीही नेमकी तेवढीच उरते. त्यात घरातील खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश पसरट असल्याने खाचांतील सावल्या फिक्या पडतात. म्हणून जी सावली प्रकाशाने पाडायची, ती रंगाने पाडावी लागते आणि त्यासाठी ‘वॉश’ वापरतात. वॉश म्हणजे गडद रंगाचे अतिशय पातळ द्रावण. मूळ रंग वाळल्यावर ते आकृतीवर फिरवले की उंचवट्यांवरून ओसरते, खोलगट भागांत साचते आणि तेथे वाळून सावलीसारखे दिसू लागते.

ते खाली वाहत जाऊन साचते, हा समज मात्र अपुरा आहे. पाण्याच्या बाबतीत सुमारे 2.7 मिलिमीटरपेक्षा लहान अंतरांवर गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसून धरणाऱ्या बलाचा, प्रभाव अधिक असतो. चिलखताच्या कड्यांमधील फटी याहून कितीतरी लहान असल्यामुळे वॉश तेथे केशाकर्षणाने खेचला जातो; बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते ते याच क्रियेने. आकृती उलटी धरली तरी अशा फटीतील द्रव सहसा बाहेर येत नाही. अट एवढीच, की द्रवाने पृष्ठभाग नीट भिजवला पाहिजे, आणि वाळलेल्या ॲक्रिलिक रंगावर साध्या पाण्याचे थेंब उभे राहतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने तो निम्म्याहून खाली येतो आणि द्रव पसरून खाचेत शिरतो. कपभर मिश्रणाला एखादाच थेंब पुरतो, कारण साबण जास्त झाला की फेस येतो आणि सपाट भागही मळकट होतात.

घरी वॉश करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे रंगात नुसते पाणी ओतणे. ॲक्रिलिक रंगात रंगकणांबरोबर प्लॅस्टिकसदृश बहुवारिकाचे सूक्ष्म कण असतात आणि पाणी उडून गेल्यावर ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार करतात. पाणी फार झाल्यास हे कण विरळ होतात, पापुद्रा अखंड राहत नाही आणि वाळलेली सावली बोट लागताच पुसली जाते. म्हणून पाण्यासोबत मॅट मीडियम, म्हणजे चकाकी नसलेला रंगहीन ॲक्रिलिक बंधक, घालावा लागतो. एक भाग रंग किंवा शाई, दोन ते तीन भाग मीडियम आणि चार ते पाच भाग पाणी हे प्रमाण सुरुवातीला ठीक आहे. पुढे ते प्लॅस्टिकच्या पांढऱ्या चमच्यावर पाहून बदलावे. परदेशात यासाठी फरशीचे ॲक्रिलिक पॉलिशही वापरले गेले आहे, पण त्याची चकाकी नंतर मारावी लागते.

शाईची निवड करताना थोडे रसायनशास्त्र उपयोगी पडते. फाउंटन पेनच्या बहुतेक शायांमध्ये पाण्यात पूर्ण विरघळणारे रंजक असते, जे उन्हाने विटते आणि वरून दुसरा ओला हात फिरवला की पुन्हा सुटते. मोडी दस्तऐवजांची काजळीची शाई कार्बनच्या न विरघळणाऱ्या कणांची, म्हणून न विटणारी. पण तिचा बंधक डिंक असल्याने ओल तिलाही सोसत नाही. वॉशसाठी वाळल्यावर पाण्याला न जुमानणारी, रंगकणयुक्त चित्रशाईच योग्य. 1931 साली मुंबईत दांडेकरांनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या भुकटीपासून सुरू केलेला उद्योग पुढे ‘कॅमल’ या नावाने घराघरांत पोहोचला, त्यामुळे अशी शाई आणि ॲक्रिलिक रंग तालुक्याच्या गावीही मिळणे अवघड नाही.

पाणी मात्र बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित घ्यावे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातही पसरलेला आहे आणि असे क्षारयुक्त पाणी वाळले की काळ्या सावलीवर पांढरट राप उरतो.

सपाट भागावर वाळलेल्या थेंबाभोवती गडद कडा उमटते, तिचे कारण शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये सांडलेल्या कॉफीच्या डागावरून उलगडले. थेंबाची कड जागच्या जागी अडकून राहते, तेथून पाणी अधिक वेगाने उडते, ती तूट भरण्यासाठी मधला द्रव कडेकडे वाहतो आणि जाताना रंगकण सोबत नेतो. घाटाखालच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडत असल्याने कडा उमटण्याआधी साचलेला जादा द्रव कोरड्या कुंचल्याने टिपायला वेळच मिळत नाही. मिश्रणात ग्लिसरीनचा अंश घातल्यास वाळणे लांबते, पण ते जास्त झाले तर आकृती दिवसेंदिवस चिकट राहते.

हीच रीत दिवाळीच्या मावळ्यांनाही लागू पडते, परंतु माती आणि प्लास्टर सच्छिद्र असल्यामुळे ते वॉश खाचेपर्यंत पोहोचू न देता वरच्या वर शोषून घेतात; म्हणून आधी रंगावर वार्निशचा एक हात देऊन छिद्रे बुजवावीत. काळा वॉश सरसकट वापरणे हा आळस होय. चिलखताला तो शोभतो, पण त्वचेला तांबूस तपकिरी आणि पांढऱ्या जाम्याला अगदी फिका करडा रंगच साजतो. संपूर्ण सैन्याला पुरेल एवढे मिश्रण एकदाच करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे आणि प्रत्येक वेळी हलवून वापरावे, कारण दुसऱ्यांदा केलेल्या मिश्रणाची छटा पहिल्याशी सहसा जुळत नाही.