कोलारची खाण आणि निर्णयवृक्ष
कळव्याला लागून असलेला पारसिकचा बोगदा 1916 सालचा, लांबीने सुमारे सव्वा किलोमीटर. त्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट खोलीवर, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपली उपकरणे नेऊन बसविली होती. दुर्मीळ घटना हुडकावयाची तर गोंगाट आधी अडविला पाहिजे, आणि ते काम खडकाकडे सोपवावे असा त्या काळचा रिवाज होता; अंतराळातून कोसळणारे बहुतेक कण वरच्या थरांतच जिरत, आणि म्हणूनच 1965 साली ओसाका व डरहॅम येथील सहकाऱ्यांसह या मंडळींना वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा दाखला मिळाला. पुढे 1980च्या दशकात 140 टनांचे यंत्र प्रोटॉनाच्या क्षयाची वाट पाहत तेथेच उभे राहिले. काही संभाव्य घटना जाहीरही झाल्या, परंतु अन्यत्रच्या मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही.

कणांच्या टकरी घडविणाऱ्या यंत्रांत मात्र हवी ती घटना आणि नको तो गोंगाट यांचा उगम एकाच टकरीत, तेव्हा तेथे खडक काय करणार? सुरुवातीस एकेका राशीवर मर्यादा घालून, म्हणजे या व्यवसायाच्या बोलीत ‘कट’ लावून, निवड होई. अमेरिकेतील फर्मीलॅबच्या डी-झीरो प्रयोगात, ज्यात कुलाब्याचाही सहभाग होता, 1990च्या दशकात उदाहरणांवरून शिकणारे न्यूरल नेटवर्क आले. त्याच्या आतील कारभार कोणास दिसत नसल्यामुळे पुष्कळांना त्याचा संशय येई, आणि तो संशय मला तरी गैरवाजवी वाटत नाही. तथापि 2009 साली एकट्या टॉप क्वार्कची निर्मिती सिद्ध झाली ती अशाच पद्धतींच्या बळावर.

खरी कसोटी लागली ती सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत. विचित्र क्वार्क बाळगणारा बी-मेसॉन अब्जात तीन-चार वेळाच दोन म्यूऑनांत विघटित होतो. उलट दोन निरनिराळ्या बी-कणांपासून निघालेले म्यूऑन, किंवा म्यूऑनाचे सोंग घेतलेले पायॉन आणि केऑन, विपुल. सीएमएस प्रयोगात, ज्याचा बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटर कुलाब्याने उभारला, हा निवाडा निर्णयवृक्षांकडे दिला गेला: म्यूऑनांचा उगम टकरीच्या बिंदूपासून किती दूर, आसपास इतर कणांचे माग किती, असे प्रश्न लहानलहान वृक्ष विचारतात, आणि प्रत्येक नवा वृक्ष मागच्यांनी चुकविलेल्या घटनांवर अधिक भर देतो. हवी ती घटना कशी दिसते हे वृक्ष संगणकाने रचलेल्या घटनांवरून शिकत असल्यामुळे, परिचित बी-क्षयावर त्यांची फेरतपासणी होईपर्यंत, अपेक्षित वस्तुमानाचा पट्टा मोहोरबंद ठेवला गेला. पुढे तेथीलच एलएचसीबी प्रयोगाच्या नोंदींशी मेळ घालून 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दर प्रस्थापित सिद्धान्ताशी जुळला, आणि नव्या कणांची आस लावून बसलेल्यांची त्यामुळे निराशाच झाली.