मणक्यातला ‘गॅप’ आणि ‘कट्’ असा आवाज

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणक्याच्या सांध्याला हाताने ठरावीक दिशेने झटका देऊन कंबर-मानेचे दुखणे कमी करण्याची पद्धत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी ती सुरू केली. जागचा हललेला मणका नसांवर दाब आणतो आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात, असा त्यांचा दावा होता. मुंबईत हे नाव नवे असले तरी कल्पना जुनीच आहे. हाडवैद्याचा झटका, मालिशनंतर न्हाव्याने मोडलेली मान, उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेला लावून घेतलेला पाय, ही सगळी त्याच घराण्यातली. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात कपाटे उचलणारा हमाल असो, वाकून पॉलिश मारणारा कारागीर असो की लोकलमध्ये तासभर उभा राहणारा नोकरदार, कंबर धरली की तोंडी येणारी वाक्ये दोनच: ‘मणक्यात गॅप आलाय’ आणि ‘गादी सरकलीय’. बहुतेक गैरसमज या दोन वाक्यांतच दडलेले आहेत.

‘गॅप’ हा शब्द वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. वय वाढते तशी दोन मणक्यांमधली गादी सुकते, तिची उंची घटते आणि मणक्यांमधले अंतर कमी होते. फट पडत नाही. पण फट पडली असे एकदा मनाने घेतले की माणूस ती बुजवणारा शोधू लागतो आणि वाकायला घाबरतो. एमआरआयच्या अहवालातले शब्द या भीतीत भर घालतात. पाठीचे काहीही दुखणे नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांमध्ये गादीची झीज आढळली. गादी फुगल्याची खूण पन्नाशीत ६० टक्के जणांमध्ये होती. केस पिकावेत तसाच हा बदल आहे. अहवालात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

गादी सरकतही नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिच्या कडेला चीर पडून आतला मऊ भाग बाहेर येतो आणि कधीकधी नसेला टेकतो; पायात कळ जाते ती त्यामुळे. हा भाग कोणत्याही झटक्याने परत आत ढकलता येत नाही. मात्र शरीर तो हळूहळू शोषून घेते. २०१५ च्याच दुसऱ्या एका आढाव्यात, गादीबाहेर आलेला भाग सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये आणि पूर्ण तुटून सुटा झालेला भाग ९६ टक्के रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेविना आक्रसल्याचे दिसले. म्हणजे अहवालात जो प्रकार सर्वांत भयंकर वाटतो, तोच विरघळण्याची शक्यता सर्वाधिक. घाबरलेल्या रुग्णाला सगळ्यात आधी सांगायला हवे ते हे.

मग ‘कट्’ असा आवाज कशाचा? सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडात बोटे मोडतानाचे एमआरआय चित्रण झाले, त्यात ही पोकळी प्रत्यक्ष दिसली. आवाज बुडबुडा तयार होताना येतो की फुटताना, यावर संशोधकांत अजून वाद आहे. तो हाड जागेवर बसल्याचा नाही, यावर मात्र वाद नाही. आवाज मोठा म्हणून गुण जास्त, असेही दिसलेले नाही.

यावरून हा सगळा प्रकार थोतांड आहे असा निष्कर्ष काढणे, हाही गैरसमजच. ताज्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा आढावा २०१७ साली निघाला. मणक्याला दिलेल्या अशा उपचाराने सहा आठवड्यांपर्यंत वेदना शंभरपैकी सुमारे दहा गुणांनी कमी झाल्या. जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्या आणि ९,२११ रुग्णांचा आढावा २०१९ चा; त्यात हा उपचार व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांच्या तोडीचा ठरला, वरचढ नव्हे. गुण येतो, पण माफक. तो नेमक्या ‘हललेल्या’ मणक्यावर झटका दिल्यानेच येतो, असेही नाही: जागा बदलली तरी परिणाम बदलत नाही, असे २०२१ च्या आढाव्यात आढळले. पामर यांच्या मूळ सिद्धांताला यापेक्षा मोठा धक्का कोणता? आराम मिळतो तो बहुधा मज्जासंस्थेची वेदनेला मिळणारी प्रतिक्रिया काही काळ बदलल्यामुळे.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हाताने केलेला उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समजावणीबरोबर या उपचाराचाही पर्याय ठेवला. कमरेचा पट्टा आणि कंबर ताणण्याचे ट्रॅक्शन नेहमीच्या वापरातून वगळायला सांगितले. रोजंदारीवरच्या हमालाने एक दिवस बुडवून, पैसे मोजून घ्यावे असे या झटक्यात व्यायामाहून अधिक काही नाही. काहीच दुखत नसताना वीस-तीस बैठकांचे पॅकेज घेण्याला तर आधारच नाही. दमा, बाळाचे पोट दुखून रडणे, रक्तदाब यांवर मणक्याच्या झटक्याने गुण येतो या दाव्यालाही २०२१ साली झालेल्या छाननीत पुरावा मिळाला नाही.

दवाखान्याची पाटी वाचतानाही सावध राहिलेले बरे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी २००२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राज्य परिषदेकडे होते. कायरोप्रॅक्टिकसाठी देशात तशी परिषद नाही, त्यामुळे उपचार करणाऱ्याचे शिक्षण कुठे आणि किती वर्षांचे, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

मानेचा झटका वेगळाच. मेंदूकडे जाणारी धमनी मानेच्या मणक्यांतून वर चढते आणि तिचे आतले अस्तर फाटले तर पक्षाघात होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे. कॅनडातल्या ओंटारिओच्या २००८ च्या अभ्यासात असा पक्षाघात आणि कायरोप्रॅक्टरची भेट यांचा संबंध दिसला, पण साध्या डॉक्टरांच्या भेटीशीही तितकाच दिसला. कारण धमनी आधीच फाटू लागलेला माणूस मान दुखते म्हणून दोघांकडेही जातो. यातून धोका नाही असे सिद्ध होत नाही. पूर्वी कधी न झालेली तीव्र मानदुखी, सोबत चक्कर, दुहेरी दिसणे किंवा बोबडी वळणे असेल, तर मानेला कोणीही हात लावू नये. न्हाव्याने तर नाहीच.

कंबरेतही काही खुणा अशाच. लघवी अडणे, बैठकीच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद जाणे ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा लागतो, कारण दबलेल्या नसांना फार वेळ मिळत नाही. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात मणक्याचा क्षयही लक्षात ठेवावा लागतो: संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, विश्रांतीनेही न थांबणारी रात्रीची वेदना. क्षयाने पोखरलेला मणका झटक्याने खचू शकतो. वेळेत निदान झाले तर हाच आजार बहुतेकदा गोळ्यांनी बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात.