सासूबाईंचा खांदा

गुडघे बदलणं आता कुणाला नवं राहिलेलं नाही. अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, तेव्हापासून तर या शस्त्रक्रियेचं नाव घरोघरी झालं. पण खांदाही बदलतात म्हटलं, की "अगं बाई, खांदासुद्धा?" असंच तोंडून निघतं. इथे थेरगावात आमच्या भिशीत परवा हाच विषय निघाला. एकीच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. रात्र-रात्र खांदा धरून बसतात. डॉक्टरांनी सांधा बदलायचं सुचवलंय. मुलगा म्हणतो करू या, लेक म्हणते या वयात कशाला हाल. सासूबाईंना मात्र कुणी विचारलंच नव्हतं!

खांदा म्हणजे एक गोळा आणि एक उथळ वाटी. त्याभोवतीचे स्नायूंचे पट्टे वयाबरोबर झिजतात, फाटतात. मग हात वर जात नाही आणि सांधाही घासू लागतो. अशांसाठी पॉल ग्रामाँ या फ्रेंच सर्जननी १९८५ च्या सुमारास उलटा सांधा काढला. वाटीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी! फाटलेल्या पट्ट्यांचं काम मग खांद्यावरचा मोठा स्नायू करतो. म्हाताऱ्या माणसांना बहुधा हाच सांधा बसवतात.

दुखणं बहुतेकींचं पुष्कळ कमी होतं, रात्रीची झोप लागते, फडताळापर्यंत हात पोचतो. पण हात पाठीमागे पूर्वीसारखा जाईलच असं नाही. पाठ चोळणं, मागून पदर घेणं अवघड राहू शकतं. डावा खांदा असेल तर शौचानंतरच्या स्वच्छतेचाही प्रश्न येतो. हे विचारायला आपण लाजतो. पण डॉक्टरांना आधी हेच विचारायला हवं.

आता धोक्याचं. इंग्लंडमधल्या ५८ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या नव्वद दिवसांत सुमारे ४.६ टक्के लोकांना फुप्फुसात रक्ताची गुठळी, न्यूमोनिया, हृदयविकार अशा गंभीर तक्रारी झाल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या पुरुषांत मात्र हे प्रमाण पाचांत एक होतं. उलट, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता पंचावन्न ते एकोणसाठच्या पुरुषांत चारांत एक, तर पंच्याऐंशीपुढच्या बायकांत सदतिसांत एक. म्हणजे म्हातारपणी सांधा बिघडण्यापेक्षा काळजी बाकीच्या शरीराचीच जास्त. म्हणून साखर आटोक्यात आहे ना, हृदय तपासलंय ना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याचं सांगितलंय ना, हे पाहा. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. शिवाय जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, नसेला इजा हेही होऊ शकतं.

मोरीत पाय घसरून खांद्याजवळचं हाड मोडलं, तर लगेच ऑपरेशनच लागतं असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये अशा २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) झोळीत हात ठेवलेले आणि ऑपरेशन केलेले यांच्यात दोन वर्षांनी फारसा फरक दिसला नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच कसला?

पैशांचं म्हणाल, तर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, ते भरती होण्याआधी रुग्णालयातल्या खिडकीवर विचारा.

खरी परीक्षा घरी आल्यावर! साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत. जेवण, आंघोळ, वेणी, सगळं कुणीतरी करायचं. ती कुणीतरी बहुधा आपणच. तेव्हा परीक्षांचे, पाहुण्यांचे दिवस टाळूनच तारीख घ्या. उठताना त्या हातावर भार द्यायचा नाही, नाहीतर उलटा सांधा निखळू शकतो. आपल्याकडे जमिनीवरून हात टेकून उठायची सवय, म्हणून पाट काही महिने उचलून ठेवा आणि उंच खुर्ची आणा. पुढून उघडणारे दोन-तीन सैल ब्लाऊज आधीच शिवून घ्या. घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तोच शेवटी काढायचा.